माहेरी भाव वाढला की पेढे यायचे

माझ्या माहेरी 'भाव वाढला' ही आनंदाची बातमी असते. लहानपणी आप्पा कांदा विकून ट्रॅक्टर घेऊन परत आले की आई ओट्यावरूनच विचारायची, काय निघाला आज, आणि आकडा मागच्या खेपेपेक्षा जास्त असला तर आप्पांच्या खिशातून पेढ्यांचा पुडा निघायचा. आकडा कमी असला तर आप्पा नुसते हातपाय धुवायला मोरीकडे जायचे आणि आम्ही भावंडं समजून जायचो की आज सहलीच्या पैशांचा विषय काढायचा नाही.

लग्न करून पुण्यात आले आणि दुसऱ्याच महिन्यात सासूबाई भाजी घेऊन जिना चढून वर आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, कांद्याचा भाव वाढलाय गं. माझ्या तोंडून निघून गेलं, हो का, बरं झालं! त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेच शब्द, तोच कांदा, कदाचित आमच्याच तालुक्यातला, आणि दोन घरांत दोन अर्थ. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, एका पतसंस्थेत हिशेब बघते, पण महागाईबद्दल जे काही वाचायला मिळतं ते गेली पंधरा वर्षं वाचत आलेय, आणि आज जरा सविस्तर लिहावंसं वाटतंय.

आपल्या मराठीत या एका गोष्टीला तीन शब्द आहेत. भाववाढ, महागाई आणि चलनवाढ. महागाई म्हणजे घेणाऱ्याला जे भोगावं लागतं ते. भाववाढ म्हणजे नुसती घडलेली गोष्ट, तिच्यात घेणाराही आहे आणि विकणाराही. आणि चलनवाढ या शब्दात तर कारणच सांगून टाकलंय, चलन वाढलं म्हणून. शाळेत असताना मला वाटायचं की तिन्ही एकच. आता वाटतं की तिन्हींमध्ये जे अंतर आहे तिथेच सरकार उभं असतं.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट सांगते. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही पुण्यात करून घेतलं होतं आणि ती माझ्याकडेच राहिली होती, डोळ्यावर हिरवा पॅच, दर चार तासांनी ड्रॉप्स. त्याआधी बारा-पंधरा दिवस, २६ नोव्हेंबरला, नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या निफाडात गारपीट झाली होती. द्राक्षाच्या बागा झोडपल्या गेल्या, शेतात उभा असलेला लाल कांदा पाण्यात बसला. आईचं सगळं लक्ष घरी होतं, डोळा इथे आणि जीव तिथे.

८ तारखेला सकाळी सासूबाई पेपर वाचत होत्या. आईला वाचता येत नव्हतं म्हणून त्या मोठ्याने वाचायच्या, दोघींचं छान जमलं होतं. त्यांनी वाचलं की कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद केली, आणि पेपर खाली ठेवत त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "चला विहीणबाई, आता तरी स्वस्त होईल कांदा." आई काही बोलली नाही. चहाची कपबशी तिच्या हातात होती ती तिने खाली ठेवली आणि मला म्हणाली, "आप्पांना फोन लाव."

आप्पांनी आदल्या आठवड्यात एक ट्रॉली नेली होती तिला ३२०० निघाला होता, क्विंटलला. पुढची ट्रॉली भरून तयार होती, पण लिलावच बंद पडले काही दिवस, व्यापारी घ्यायला उभे राहीनात. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, घालून ठेवता येत नाही, त्याची साल पातळ, पाणी जास्त, आणि त्यात गारपिटीचा मार खाल्लेला. लिलाव सुरू झाल्यावर आप्पांनी ती ट्रॉली नेली, तिला १७०० निघाला. आठवड्याभरात तोच कांदा, तीच ट्रॉली, तोच काटा, आणि जवळजवळ निम्मा भाव.

त्या रात्री आईने मला वही काढायला सांगितली आणि एका डोळ्याने छताकडे बघत हिशेब सांगितला. नांगरट, रोटर, बियाणं, रोप टाकणं, लागणीच्या बाया, खतं, फवारण्या, पाण्याची मोटर, काढणी, पात कापणी, ट्रॅक्टर भाडं, हमाली, तोलाई. एकराला ७८ हजार आले. एरवी ६० क्विंटल निघतो, म्हणजे क्विंटलला १३०० पडले असते. यंदा गारपिटीने ४५ वरच थांबला. म्हणजे १७३३. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. त्या बोलल्या काहीच नाहीत, फक्त ७८ भागिले ४५ मी दोनदा करून बघितलं तेव्हा त्यांनीही मनात करून बघितलं असावं, कारण आकडा माझ्याआधी त्यांनी सांगितला.

आता हे निर्यातबंदीचं प्रकरण त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली, म्हणजे त्याखाली कांदा बाहेर पाठवायचा नाही. मग डिसेंबरात सरळ बंदी. मार्चमध्ये ती पुढे वाढवली, मेच्या सुरुवातीला उठवली पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून, सप्टेंबर २०२४ ला किमान किंमत गेली आणि शुल्क २० वर आलं, आणि ते २० टक्के सुद्धा गेले थेट १ एप्रिल २०२५ ला. वीस महिने. माझ्या आईला या सगळ्या तारखा पाठ आहेत, जशा काहींना क्रिकेटचे स्कोअर असतात.

निर्यात शुल्क हा टॅक्स आहे. पेपरात तो 'महागाई रोखण्यासाठी उपाय' म्हणून येतो, पण असतो टॅक्सच, आणि तो भरतो कोण हे नीट बघायला हवं. दुबईचा किंवा क्वालालंपूरचा व्यापारी ४० टक्के जास्त देणार नाही, तो दुसऱ्या देशाचा कांदा घेईल. मग निर्यातदार ते ४० टक्के खरेदीतून कापतो, म्हणजे लिलावात बोली खाली लावतो, आणि बाहेर न गेलेला माल देशातच राहिल्याने इथला भावही पडतो. हेच सरकारला हवं असतं. शहरातल्या माणसाला किलोमागे दहा-पंधरा रुपये वाचतात. सरकारच्या बजेटात त्याचा खर्च म्हणून कुठेही एक पैसा दिसत नाही, कारण तो खर्च झालेला असतो आप्पांना लिलावानंतर मिळणाऱ्या हिशेबपट्टीवर.

आणि एवढं सगळं कशासाठी तर महागाईचा आकडा. हा आकडा निघतो ग्राहक किंमत निर्देशांकावरून. त्याची २०१२ पायाभूत धरलेली टोपली शंभर रुपयांची मानली तर त्यात खाण्यापिण्याचे जवळजवळ ४६ रुपये होते आणि त्यातला कांदा ६४ पैशांचा. बटाटा, टोमॅटो, कांदा तिघं मिळून २ रुपये १९ पैसे. पण हे ६४ पैसे दोन महिन्यांत दुप्पट-तिप्पट होऊ शकतात, आणि ते रोज दिसतात, फोडणीत, भेळेत, वडापावबरोबरच्या चिरलेल्या वाटीत. म्हणून सरकार त्यांना घाबरतं. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ४ टक्क्यांचं लक्ष्य ठरलं, खाली-वर २ टक्के चालतील. पण रिझर्व्ह बँकेच्या हातात व्याजदर आहे. व्याजदराने पाऊस पडत नाही आणि गारपीट थांबत नाही. आपल्यासारख्या देशात टोपलीचा एवढा मोठा भाग जेवणाचा असल्यावर महागाईचा बराचसा खेळ हा टॅक्स, सबसिडी, आयात-निर्यात शुल्क आणि रेशनचा असतो, म्हणजे सरकारच्या तिजोरीचा. हे मला उशिरा कळलं.

सासूबाईंबद्दल कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून त्यांची बाजूही सांगते, कारण ती तेवढीच खरी आहे. त्या मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या, १९७२-७३ साली विशी-बाविशीच्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्च्यांना त्या जायच्या, हातात लाटणं आणि थाळी घेऊन. ते लाटणं अजून आमच्या घरात आहे, त्यावरच पोळ्या होतात. तेव्हा रेशनच्या रांगेत पहाटे नंबर लावायचा, आणि तिथे पोचल्यावर कळायचं की आज तेल नाही, डालडा नाही, साखर अर्धीच. सासरे सरकारी कचेरीत कारकून. पगार पंधरा तारखेलाच संपायचा. 'भाव वाढला' हे शब्द ऐकल्यावर त्यांच्या पोटात अजूनही खड्डा पडतो, आणि मी ते समजू शकते.

त्या भाववाढीला कारणं बरीच होती. १९७१ ला बांगलादेशातून जवळजवळ एक कोटी निर्वासित आले, मग युद्ध. सासूबाईंना आठवतं की प्रत्येक पत्राला पाच पैशांचं एक जास्तीचं तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. तो दिसणारा टॅक्स होता, लोक कुरकुर न करता लावायचे. पण युद्धाचा खर्च पाच-पाच पैशांत भागत नाही. मग ७२ चा दुष्काळ. मग ७३ ला अरब देशांनी तेलाचे भाव चौपट केले. आणि या सगळ्यात सरकारचा खर्च उत्पन्नाच्या पुढे पळत होता आणि मधलं अंतर रिझर्व्ह बँक भरून देत होती. इथे तो तिसरा शब्द येतो, चलनवाढ.

याची व्यवस्था कशी होती हे वाचलं तेव्हा मला हिशेबनीस म्हणून धक्का बसला होता. १९५५ पासून असं ठरलेलं होतं की केंद्र सरकारच्या खात्यात रिझर्व्ह बँकेकडे दर शुक्रवारी किमान ५० कोटी आणि बाकीच्या दिवशी ४ कोटी शिल्लक असायला हवेत. कमी पडले की आपोआप तदर्थ ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाच्या चिठ्ठ्या, निघायची आणि खात्यात पैसे जमा. कोणी विचारायचं नाही, संसदेत चर्चा नाही. तात्पुरती अडचण भागवायची सोय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट बेचाळीस वर्षं चालली. विचार करा, आमच्या पतसंस्थेत एखाद्या खातेदाराची शिल्लक कमी झाली की आम्ही आपणहून कर्ज टाकून ती भरून द्यायची आणि ते कर्ज कधी फिटतंय हे बघायचंच नाही, असं असतं तर आमचं काय झालं असतं? १९९४ च्या सप्टेंबरात सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला, तेव्हा मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि सी. रंगराजन गव्हर्नर होते, आणि एप्रिल १९९७ पासून ही बिलं बंद झाली. माझ्या मते आपल्या देशात महागाईसाठी घेतलेल्या निर्णयांत हा सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला.

गावच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या गावाच्या हातात दुप्पट नोटा आल्या आणि चाळींमध्ये कांदा तेवढाच असला तर कांदा दुप्पट महाग होणार. नोटा ज्याच्या हातात आधी येतात त्याचं भागतं, शेवटी येतात त्याचे हाल. आणि मजुराच्या हातात त्या सगळ्यात शेवटी येतात.

सप्टेंबर १९७४ मध्ये घाऊक भाव वर्षभरापूर्वीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वर गेले होते. तेव्हा सरकारने जे केलं त्याची आठवण सासूबाईंनी सांगितली तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. जुलै ७४ पासून पगारात जी वाढ मिळेल ती सगळी आणि महागाई भत्त्यात जी वाढ मिळेल त्याची अर्धी, हातात न देता सक्तीच्या ठेवीत टाकायची, पुढे हप्त्याहप्त्याने व्याजासकट परत. सासऱ्यांना महागाई भत्ता वाढला आणि घरी आला निम्माच. "महागाई आमच्या घरात, आणि भत्ता त्यांच्या खात्यात," त्या म्हणाल्या. पण त्याचा परिणाम झाला. बाजारातला पैसा आटला, ७५ ला पाऊसही चांगला झाला, आणि १९७५-७६ ला घाऊक भाव आदल्या वर्षीपेक्षा थोडे खालीच आले. म्हणजे उपाय लागू पडला. फक्त त्याची किंमत पगारदारांनी मोजली. त्यांना निदान पैसे परत मिळाले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आणि त्याच वर्षांत माझी आई कुठे होती? ७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आई धाकट्या भावाला काखेत घेऊन सुकडीच्या रांगेत उभी राहायची. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची चव तिला अजून आठवते, घशाखाली उतरायची नाही म्हणते. सासूबाई मुंबईत रांगेत आणि आई दुष्काळी कामावर रांगेत, एकाच वेळी. या दोघी माझ्या घरात एकाच टेबलाशी चहा पितात तेव्हा मला कधीकधी हे सगळं डोळ्यासमोर येतं.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट केली. रोजगार हमी योजना, वि. स. पागे यांची. ज्याला काम हवं त्याला सरकार काम देईल. आणि पैसे कुठून, तर १९७५ ला व्यवसाय कर आणला, शहरातल्या नोकरदारांच्या, धंदेवाल्यांच्या पगारातून. तुमच्या पगाराच्या स्लिपवर आजही बघा, दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. मीही भरते. म्हणजे मुंबईत सासऱ्यांच्या पगारातून कापलेले पैसे माझ्या आजीच्या मजुरीत गेले असतील, ही दोन घरं एकमेकांना ओळखायच्या तीस वर्षं आधी. इथे नवीन नोट छापली गेली नाही, एका हातातली दुसऱ्या हातात गेली. आणि त्या मजुरीतून झालं काय, तर पाझर तलाव, नालाबंडिंग, विहिरी. आमच्या शिवारातला पाझर तलाव त्याच काळातला. त्याच्याखालच्या विहिरींना पाणी राहतं म्हणून आमच्याकडे उन्हाळ कांदा होतो, आणि तोच कांदा जूनपासून दिवाळीपर्यंत पुण्या-मुंबईला पुरतो. सरकारचा खर्च महागाई वाढवतो असं सरसकट म्हणणाऱ्यांना मला तो तलाव दाखवावासा वाटतो. पैसा कशातून आला आणि कशात गेला हे दोन्ही विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

याच्या अगदी उलटं उदाहरण पेट्रोल-डिझेलचं. ५ मे २०२० च्या रात्री, लॉकडाऊन चालू असताना, केंद्राने पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. कच्चं तेल तेव्हा पार तळाला गेलं होतं त्यामुळे पंपावर काही कळलं नाही. डिझेलवरचा केंद्राचा कर ३१ रुपये ८३ पैसे झाला. सरकारची अडचण मला कळते, सगळं बंद, टॅक्स येत नाही, लोकांना फुकट धान्य द्यायचंय, त्या वर्षी तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांवर गेली. पण मग कच्चं तेल परत चढलं आणि कर तसाच राहिला. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. आणि डिझेल म्हणजे नुसतं डिझेल नसतं. आप्पांचा ट्रॅक्टर, रोटर, कांदा नेणारी ट्रक, पुण्यात भाजी आणणारा टेम्पो, सगळ्यात ते मुरतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये थोडं कमी केलं, आणि युक्रेन युद्धानंतर एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेल्यावर मे महिन्यात आणखी. तोपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे बँकांना कर्ज द्यायचा तिचा व्याजदर, चढवायला सुरुवात केली होती, ४ वरून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहा. आमच्या फ्लॅटच्या कर्जाची मुदत सहा वर्षांनी वाढली. तेल महागलं ते जगात, कर लावला दिल्लीने, आणि बिल आलं ईएमआयच्या रूपाने. अशा वेळी महागाई नेमकी कुणी केली हे सामान्य माणसाला कळतच नाही, तो भाजीवालीशी भांडतो.

एक गोष्ट अजून. २०२१ मध्ये पेट्रोलवर केंद्राचा कर होता ३२ रुपये ९० पैसे, त्यापैकी राज्यांशी वाटून घ्यायचा मूळ उत्पादन शुल्काचा भाग होता फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळे सेस आणि अधिभार, जे केंद्राकडेच राहतात. मग काही राज्यांनी आपला व्हॅट खाली आणायला वेळ लावला. दोघांच्या मध्ये ग्राहक.

सगळं करून मला एवढंच म्हणायचंय. स्वस्ताई फुकट नसते, तिची किंमत कुणीतरी देतंच. शहरातल्या गरीब माणसाला कांदा, डाळ, तेल परवडलं पाहिजे याबद्दल माझं काही म्हणणं नाही, सासूबाईंच्या रांगा मी ऐकल्यात. पण ती किंमत बजेटातून द्या, सगळ्यांच्या टॅक्समधून, उघडपणे, जशी व्यवसाय करातून दिली. शुल्क लावून, बंदी घालून ती निफाड-चांदवड-सटाण्याच्या शेतकऱ्यांच्या हिशेबपट्टीतून कापू नका. याला मार्ग नाही असं नाही. किंमत स्थिरीकरण निधी २०१४-१५ पासून आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शुल्क लावल्यावर ओरड झाली तेव्हा नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी २४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली आणि दिल्लीत २५ रुपये किलोने विक्री केली. बघा, २४ ला घेऊन, वाहतूक करून, सड सोसून २५ ला विकला, मधला तोटा सरकारने सोसला. हाच खरा प्रामाणिक मार्ग. शेतकऱ्याला भाव, गिऱ्हाईकाला स्वस्त, आणि खर्च बजेटात लिहिलेला. पण खरेदी केंद्र वेळेवर सुरू होत नाही, झालं तर मोठ्या आकाराचा निवडक कांदा घेतात, गोल्टी, म्हणजे बारका कांदा, परत. बंदी मात्र एका रात्रीत सगळ्यांना लागू होते.

शुल्क उलट्या बाजूने लावलं म्हणून शेतकऱ्याचं आपोआप भलं होतं असंही नाही. १४ सप्टेंबर २०२४ ला सोयाबीनवाल्यांसाठी म्हणून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. तेलाचा डबा दिवाळीच्या तोंडावर महागला, आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीन ४८९२ च्या हमीभावाखालीच विकलं गेलं. गिऱ्हाईकाकडून घेतलेलं शेतकऱ्याच्या घरी पोचलंच नाही. माझ्या वहिनीला लाडकी बहीणचे १५०० मिळतात, तिने त्या महिन्यात मला फोनवर सांगितलं की त्यातले चारशे तर तेलातच जास्तीचे गेले. त्या पैशांबद्दल मी वाईट बोलणार नाही, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर पैसे आलेत. पण वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता या योजनेचा, आणि तेवढ्यात नवे पाझर तलाव, कांदाचाळी, शीतगृहं किती झाली असती हा प्रश्न मला पडतो. दोन्ही हवंय. दोन्हीसाठी टॅक्स हवा, आणि टॅक्स वाढवतो असं कुठलाच पक्ष म्हणत नाही.

टॅक्स कमी करून लोकांना खूश करण्याचा शेवट कसा होऊ शकतो हे आमच्या कांदेवाल्यांनी कोलंबोत बघितलंय. श्रीलंका आमचं जुनं गिऱ्हाईक. तिथल्या सरकारने डिसेंबर २०१९ ला व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, तिजोरी रिकामी झाली, कोरोनाने पर्यटन गेलं, वर रासायनिक खतावर एकदम बंदी, आणि सरकारचा खर्च मध्यवर्ती बँकेने नोटा पुरवून चालवला. सप्टेंबर २०२२ ला कोलंबोत महागाई जवळजवळ ७० टक्के. आमच्याकडचा माल घेणाऱ्यांकडे डॉलरच नव्हते. तेव्हा आप्पा म्हणाले होते, तिथल्या माणसाला कांदा परवडत नाही तर इथे आपल्याला कोण विचारणार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पेपरात मोठी बातमी होती. ऑक्टोबरची महागाई ०.२५ टक्के, २०१२ पायाभूत धरलेली निर्देशांकाची मालिका सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी. सप्टेंबरात जीएसटीचे दर कमी झाले होते त्याचा थोडा भाग, पण मुख्य कारण खाण्यापिण्याच्या वस्तू, त्या वर्षभरापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी स्वस्त झाल्या होत्या. शुल्क एप्रिलमध्येच गेलेलं, पण वीस महिन्यांत बाहेरची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली होती, ती काय अधिसूचना निघाली म्हणून परत येत नाहीत. आईने उन्हाळ कांदा चाळीत सात महिने जपून ठेवला होता, भाव येईल म्हणून.

सासूबाईंनी ती बातमी मोठ्याने वाचायला घेतली, सवयीप्रमाणे. दोन ओळी वाचल्या आणि थांबल्या. पेपर घडी करून ठेवला, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "अगं, विहीणबाईंना फोन लाव. चाळीतला विकला का विचार."

मी स्पीकरवर टाकला. आई म्हणाली, निम्मा सडलाय, वास सुटलाय चाळीला, उरलेला आज निवडतोय. एक गोणी तुमच्याकडे पाठवते पिकअपमध्ये, चांगला निवडून.

"पाठवा," सासूबाई म्हणाल्या, "पण काय पडला तुम्हाला किलोला, ते आधी सांगा."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मागे कांदे निवडणाऱ्या बायांचा आवाज येत होता.